विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात प्रबंधांशेजारी चित्रं, गाणी, नाटकंही हवीत की नकोत?

रंगपेटी

मी कलाशिक्षक. मुलांना कोल्हापूरच्या चित्रपरंपरेवर काही वाचायला द्यायचं असलं की शोधगंगा उघडतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं आणि शिवाजी विद्यापीठासकट देशभरातल्या विद्यापीठांचं काम तिथे जमू लागलं. पूर्वी ज्या प्रबंधासाठी विद्यानगरला जाऊन ग्रंथालयात बसून टिपणं काढावी लागत, तो आता गारगोटीचा पोरगा घरी बसून वाचतो. याचं मोल मला पुरेपूर ठाऊक आहे.

पण प्रबंध चित्रकलेवर असतो आणि त्यातली चित्रं स्कॅनमध्ये काळपट डागांसारखी दिसतात. संगीतावरच्या प्रबंधात स्वरलिपी मिळते, आवाज मिळत नाही. नाटकावरच्या प्रबंधात संहितेची चर्चा असते, प्रयोग कसा झाला ते बघायला मिळत नाही. संशोधन म्हणजे छापील मजकूर आणि कला म्हणजे त्याचं परिशिष्ट, असं आपण न बोलता ठरवून टाकलंय.

बाबूराव पेंटरांचं (१८९०–१९५४) बघा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, शिल्पं घडवली, कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ आणला, सिनेमाची पोस्टरंही रंगवली. विभागवार लावलेल्या संग्रहात या माणसाला कुठल्या कप्प्यात ठेवणार? चित्रकला, इतिहास, नाट्यशास्त्र की यंत्रविद्या? ‘सैरंध्री’ तर आज बघायलाही मिळत नाही.

माझी मागणी सरळ आहे. चित्र, शिल्प, ध्वनिमुद्रण, प्रयोगाचं चित्रीकरण, शाहिरांच्या वह्या, नेपथ्याचे आराखडे हे सगळं विद्यापीठाच्या संग्रहात प्रबंधाइतक्याच मानानं यावं. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद, कायमचा दुवा, करणाऱ्याचं नाव. प्रबंधाच्या शेपटाला बांधून नको.

जुना ग्रंथपाल

तळमळ पटली, मागणी पटली नाही.

विद्यापीठाच्या संग्रहाचं पहिलं काम म्हणजे विद्यापीठात जे लिहिलं, तपासलं, मान्य झालं ते जपणं. चित्रांसाठी टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे, चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. संस्थानी कागदांसाठी पुराभिलेखागार आहे. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्या त्या वस्तूची जाण असलेली माणसं तिथे असायला हवीत आणि पैसाही तिथेच जायला हवा. सगळं एकाच दारातून आत घ्यायला लागलो तर कशाचीच निगा राहणार नाही.

आता नोंदीचं बघा. असे संग्रह बहुतेक ठिकाणी डीस्पेसवर चालतात. एमआयटी आणि एचपीने २००२ साली आणलेली ही प्रणाली. तिची मूळ नोंद डब्लिन कोअरच्या, म्हणजे नोंदीचे रकाने ठरवून देणाऱ्या प्रमाण पद्धतीची, त्यातले मूळ घटक १५: शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा वगैरे. प्रबंध त्यात चपखल बसतो. पण नाटकाच्या प्रयोगाचा कर्ता कोण? लेखक, दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार? दिनांक संहितेचा की प्रयोगाचा? चित्राचं माप, माध्यम, आज ते कोणाच्या घरी आहे, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? रकाना नसला की माणूस ‘इतर’ निवडतो आणि ‘इतर’मध्ये गेलेली वस्तू पुन्हा हाताला लागत नाही. नोकरीभर मी हेच पाहिलंय.

जागेचा खर्च वेगळाच. चांगल्या दर्जाचं एक तासभराचं चित्रीकरण शेकडो प्रबंधांची जागा खातं. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, फाइलचा प्रकार कालबाह्य झाला की नव्यात न्यायची. हे काम एकदा करून संपत नाही. विविधता वाढवण्याआधी आहे ते नीट लावा.

शाहूपुरीतला अभ्यासक

ग्रंथपाल सरांच्या शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा. मी सध्या पीएच.डी. करतोय, मराठीत. जुने मराठी प्रबंध श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले. त्यातून ओळ कॉपी केली की निरर्थक अक्षरं येतात. त्याआधीचे तर टंकलेखित कागदाचे नुसते फोटो. म्हणजे प्रबंध समोर आहे, पण ‘बलुतेदार’ शोधलं तर सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. त्यात एकाच चित्रकाराचं नाव एका नोंदीत आबालाल रहिमान, दुसरीत अबालाल रहमान, तिसरीत इंग्रजी स्पेलिंगनं. तिन्ही नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत.

मराठी ओळखणारं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, आता फुकट मिळतं. त्यातल्या टेसरॅक्टमध्ये मराठी आहे. सगळ्या जुन्या प्रबंधांवर ते आधी चालवा, चुका दुरुस्त करायला विद्यार्थी बसवा, विद्यावेतन द्या. गाणी-चित्रं नंतर.

रंगपेटी

‘नंतर’ म्हणजे कधी? स्कॅन झालेला प्रबंध अजून वीस वर्षं तसाच थांबेल, त्याला काही होत नाही. माडीवर गुंडाळून ठेवलेला पडदा थांबत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंचगंगेचं पाणी किती घरांत शिरलं ते इथल्या सगळ्यांनी बघितलंय. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्खं शहर रस्त्यावर उभं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेलं. अशी वास्तू पुन्हा उभी करायची तर जुने आराखडे, आतली छायाचित्रं, लाकडी कामाची मापं लागतात. रंगमंचाखालच्या पोकळीनं आवाज कसा फिरत होता, हे तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला विचारून ठेवावं लागतं. हे सगळं संशोधन नाही तर काय?

ग्रंथपाल सर, रकान्यांचा प्रश्न सोडवता येतो. इंग्लंडमध्ये २००७ ते २००९ या काळात साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि इंग्लंडमधल्याच दोन कला विद्यापीठांनी मिळून ‘कुल्टूर’ (Kultur) नावाचा प्रकल्प ठरवून याच अडचणीसाठी केला. साउदॅम्प्टनमध्येच तयार झालेलं ईप्रिंट्स हे डीस्पेससारखंच संग्रहाचं सॉफ्टवेअर कलाकृतींना सोयीचं केलं. प्रदर्शन, मांडणशिल्प, प्रयोग असे प्रकार नोंदीत घेतले, एका कामाशी अनेक माणसं वेगवेगळ्या भूमिकांत जोडायची सोय केली. डब्लिन कोअरचे १५ घटक हे किमान आहेत, त्यात भर घालायला कोणी अडवलेलं नाही.

आणि वस्तुसंग्रहालयं मूळ वस्तू जपतात, ती त्यांनीच जपावी. पण पडदा एका ठिकाणी, त्या नाटकाची संहिता दुसरीकडे, कंपनीचा पत्रव्यवहार तिसरीकडे आणि या तिन्हींवरचा प्रबंध चौथीकडे. ही चारही एका पानावर आणण्याचं काम विद्यापीठाचं नाही तर कोणाचं?

दगडफुला

मी वनस्पतिशास्त्राची. कला आणि संशोधन अशी भिंत आमच्याकडे कधी नव्हतीच. नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध करताना फुलाचे उभे छेद, परागकोश, बी यांची शाईतली रेखाटनं हा पुराव्याचा भाग असतो. फोटो एका फुलाचा असतो, रेखाटन त्या जातीचं. विद्यापीठाचा वनस्पतिसंग्रह ‘एसयूके’ या संकेतानं जगभर ओळखला जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर यादव आणि सरदेसाई यांचं मोठं काम २००२ साली आलं, त्यामागे अशा वाळवलेल्या, चिकटवलेल्या, चिठ्ठी लावलेल्या नमुन्यांची मेहनत आहे. चिठ्ठीवर कुठे, कधी, कोणी गोळा केलं ते असतं. ती चिठ्ठी नसेल तर नमुना फक्त वाळका पाला.

तेव्हा रंगपेटी, विविधतेला माझा पाठिंबा, सरसकट उघडं ठेवण्याला मात्र ठाम विरोध. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या काही जाती इतक्या थोड्या उरल्यात की नेमका कडा नकाशावर टाकला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे कंद शिल्लक राहील याची खात्री नाही. अशा नोंदीत तालुका दाखवायचा, अक्षांश-रेखांश झाकायचे. संग्रहात सगळं असावं, सगळ्यांना सगळं दिसू नये.

तानपुरा_कोल्हापूर

दगडफुलाताई, तुम्ही फुलांबद्दल म्हणालात तेच मी गाण्याबद्दल म्हणते.

अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे राहिले, जयपूर-अत्रौलीची गायकी या शहरात रुजली. खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी नाही. आपण त्यांना केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ओळखतो. ते गाणं शिष्याच्या गळ्यात टिकलं, कारण ते निवडून, पारखून दिलं गेलं. रंगपेटी सर, तुम्ही म्हणता उचला आणि चढवा. गुरूने घरात बसून शिकवलेली अनवट बंदिश, शिष्याच्या फोनमध्ये तालमीसाठी टिपलेली, ती विद्यापीठाच्या पानावर कशाला? त्या तालमीत गुरू थांबतात, रागावतात, तीच जागा पुन्हा घेतात. ते कलाकृती म्हणून द्यायला ते बसलेले नसतात.

कायदाही हेच सांगतो. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो. रेकॉर्डिंग ज्याच्या फोनमध्ये आहे तो मालक होत नाही.

रंगपेटी

ताई, परवानगीशिवाय काहीही नको, हे मलाही मान्य. पण कायद्याची दुसरी बाजूही सांगतो. चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आबालाल १९३१ साली गेले, बाबूराव १९५४ साली. म्हणजे बाबूरावांच्या चित्रांवरचा हक्कसुद्धा २०१४ संपताना संपला. शाहू महाराजांच्या निधनानंतर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. जी उरली, त्यातली अनेक खासगी घरांत. तिथे कायदा आड येत नाही, दार उघडणारा माणूस लागतो. कलाकाराचा संकोच वेगळा आणि मालकाची कुलपं वेगळी, या दोन्हींना एकच नियम लावू नका.

कापशीचं पायताण

लई मोठी मान्सं बोलाय लागल्यात, मी आपलं आमच्या घरातलं सांगतो. आमचं घर पिढीजात पायताणं करतंय. कुणीतरी संशोधक आल्ते, दोन दिवस बसले, आज्जीचे पायताणाची वेणी घालतानाचे फोटो काढले, कातडं कमवायची रीत लिहून घेतली. प्रबंध झाला. फोटोखाली काय लिवलं? ‘एक महिला कारागीर.’ नाव इचारलं होतं, लिवलं न्हाई.

२०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली, कोल्हापूरचं नाव न्हवतं. ओरडा झाला तवा त्यांनी मान्य केलं की ही भारतीय हस्तकलेवरनं आलीय. आता बगा, आमच्या पायताणाचा एकेक नमुना, त्याचा तळ, कान, वेणी, कुठल्या घरात, कुठल्या साली, कुणी केला, हे विद्यापीठाच्या पानावर तारखेसकट असतं तर बोट दाखवायला जागा झाली असती. म्हणून मी रंगपेटी सरांच्या बाजूचा. पण नाव घालूनच. नावाशिवाय ठेवणार असाल तर ठेवू नका.

जुना ग्रंथपाल

कापशीकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. वर्णनाच्या नोंदीत ‘कर्ता’ म्हणून फक्त संशोधकाचं नाव येतं आणि ज्याच्याकडून माहिती आली तो आभारात जातो, ही आमच्या पद्धतीतलीच खोट आहे. कारागिराला ‘सहभागी’ म्हणून नोंदवायला डब्लिन कोअरमध्ये आजही रकाना आहे. तो वापरला जात नाही, एवढंच. त्याला जादा पैसा लागत नाही, उद्या करता येईल.

तरी माझा मूळ विरोध कायम आहे. रंगपेटी, तुम्ही कलाकृती आत आणायला सांगता, मी ती मागून आणणाऱ्या माणसाबद्दल विचारतो. परवानगीचा कागद कोण लिहून घेणार, शाहिराच्या वारसांना कोण शोधणार, पाच वर्षांनी नातवाने ‘काढून टाका’ म्हटलं तर निर्णय कोणाचा? तो माणूस कायम नोकरीत नसेल तर कंत्राट संपलं की काम तिथेच थांबेल. आधी ते पद भरा. ते भरेपर्यंत मी एकही ध्वनिफीत आत घेऊ देणार नाही.

रंगपेटी

पद भरायलाच हवं, त्यासाठी निवेदनावर पहिली सही माझी. पण तोवर दार बंद ठेवणं मला मान्य नाही. दगडफुलाताई म्हणाल्या तसं, आत घ्या आणि झाकून ठेवा. नोंद दिसू दे, फाइल कुलपात असू दे. शाहिराची वही आज स्कॅन करून, वारसाची सही घेऊन ठेवली तर ती कोणाला दाखवायची याचा वाद पुढे घालता येईल.

शाहूपुरीतला अभ्यासक

आणि त्या वहीचं वाचन कोण करणार? बऱ्याच जुन्या वह्या मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारी माणसं या शहरात आहेत, पुराभिलेखागारातल्या कागदांमुळे ती परंपरा इथे टिकली आहे. सर, निवेदन करणार असाल तर त्यात मोडी वाचकाचं मानधनही घाला. मग सही माझीही.

तानपुरा_कोल्हापूर

परवानगीचा मसुदा मराठीत हवा, दोन पानांच्या आत. गुरूंना मी वाचून दाखवीन. ते नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबेल, हे आधीच कबूल करा.