संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासात चायनीज-थाई पद्धतीचं जेवण, घरातल्या सगळ्यांना चालेल असं: कसं जमवता?

शाळेच्या_बाई (लातूर)

नमस्कार. औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. रोजचं अप-डाऊन, घरात पाय टाकेपर्यंत सव्वासहा वाजतात. लेक अकरावीला आहे, क्लासवरून साडेआठला येतो. लेक म्हणजे मुलगा, मुलगी सातवीत. हे आडत दुकानात हिशोब बघतात, सोयाबीनची आवक सुरू झाली की नऊच्या आत येत नाहीत. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

लेकराला चायनीजचं वेड आहे. क्लासच्या रस्त्यावर गाडे लागतात, महिन्यातून चार-पाचदा तिथंच खाऊन यायचा. दिवाळीनंतर एकदा पोट असं बिघडलं की सलाईन लावावं लागलं, तीन दिवस क्लास बुडला. तेव्हा मी त्याला म्हणाले, तुला जे पाहिजे ते मी घरी करून घालते.

म्हणाले खरं, पण जमेना. भाताचा गोळा झाला. भाज्यांना पाणी सुटून त्या उकडल्यासारख्या लागत होत्या. रंग येईना म्हणून सोया सॉस ओतत गेले आणि सगळं काळं, खारट होऊन बसलं. लेक काही बोलला नाही, अर्धं ताट तसंच ठेवून हात धुवायला उठला. ते ताट उचलताना मला लई वाईट वाटलं.

दुकानात चौकशी केली तर ऑयस्टर सॉस, श्रीराचा नावाचा मिरचीचा सॉस, तिळाचं तेल, सहा-सात बाटल्या काढून ठेवल्या समोर. एवढं खरंच लागतं का? भात मोकळा कसा करायचा? मुख्य म्हणजे सासूबाईंनाही खाता यावं. रात्रीचे दोन-दोन स्वयंपाक आता माझ्यानं होत नाहीत. आणि भांडी कमी पडावीत. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हापासून भांड्यांचा ढीग बघितला की माझा हात नळाकडं जाताना आजही थबकतो.

गोदाकाठ (नांदेड)

बाई, तांदूळ कोणता घेतला होता? इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर गोळाच होणार, तो तांदूळ जातीनंच चिकट. कोलम घ्या, नाहीतर बासमतीचा तुकडा. आणि गरम भात कढईत टाकू नका. भात थंड झाला की त्यातला स्टार्च आवळतो, मग दाणा दाण्याला सोडतो.

मी सकाळी डब्याच्या गडबडीतच जास्तीचा भात लावते. एरवीपेक्षा पाव वाटी पाणी कमी. कुकर उघडला की परातीत पसरायचा, हलक्या हातानं चमचाभर तेल लावायचं, वाफ गेली की डब्यात भरून थेट फ्रीज. हे सगळं शाळेला निघायच्या आधी झालं पाहिजे. संध्याकाळी फ्रीजमधून काढला की गुठळ्या बोटांनी सोडवायच्या, आणि एवढं काम सातवीतली लेक आनंदानं करते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. भात दिवसभर ओट्यावर ठेवून संध्याकाळी परतू नका, कितीही घाई असली तरी. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. दोन तासांच्या आत भात फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट गेली की मी फ्रीजचं दार कुणाला उघडूच देत नाही, आणि लाइट चार-पाच तास आली नाही तर तो भात टाकून देते.

कढईवाला (संभाजीनगर)

ताई, मी सहा वर्षं चायनीजच्या गाड्यावर आणि नंतर एका हॉटेलात कढईवर होतो. आता किराणा दुकान टाकलंय. म्हणून बाटल्यांचं आधी सांगतो: सोया सॉस, व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअरचा पुडा. बस. तिखटपणाला आपली हिरवी मिरची, गोडीला गूळ. ऑयस्टर सॉस कालवांच्या अर्काचा असतो, शाकाहारी घर असेल तर घेताना लेबल वाचा.

भाज्यांना पाणी का सुटतं? कढई भरल्यामुळं. गाड्यावरच्या भट्टीला जी आग असते ती घरच्या गॅसला नाही. तुम्ही पाच माणसांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते आणि भाजी परतायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. दोन माणसांपुरतं एका वेळी करा. दोन मिनिटांत एक घाणा होतो, त्यामुळं तीनदा केलं तरी दहा मिनिटं. तीच कढई, मध्ये धुवायची नाही.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर रिकामी तापवा. हलका धूर दिसला की तेल, तेल फिरवून घेतलं की ठेचलेला लसूण-अद्रक. फक्त दहा सेकंद, लसूण करपला की कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग गाजर आणि बीन्स, मिनिटभरानं शिमला मिरची, पत्ताकोबी सगळ्यात शेवटी. उलथणं थांबता कामा नये. (नॉनस्टिक असेल तर रिकामी तापवू नका, तिचा थर खराब होतो.) भाज्या चिरायच्या आधी धुऊन कपड्यावर कोरड्या करून घ्या. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ पडलं की भाजी पाणी सोडतेच.

सोया सॉस भातावर ओतू नका. कढईच्या तापलेल्या कडेवर ओता. तो तिथं चर्रर होतो, खमंग वास सुटतो, मग भातात ओढून घ्यायचा. दोन माणसांना एक छोटा चमचा पुरतो. रंगासाठी वाढवायचा नाही. घरचा फ्राइड राइस पांढुरकाच दिसतो आणि तसाच चांगला लागतो.

तुमच्या वेळेचं बघता रविवारी एक बाटली भरून ठेवा. अर्धी वाटी सोया सॉस, पाव वाटी व्हिनेगर, दोन चमचे किसलेला गूळ, मिरपूड. हलवून फ्रीजमध्ये. रोज फक्त त्यातला चमचा घ्यायचा. रस्सा दाट करायचा असेल तर कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच कालवा. गरमात टाकलं की गाठी होतात.

मुलाला मांचुरियन आवडत असेल तर तेही घरी सोपं आहे. तो पदार्थ चीनमधून आलेलाच नाही. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईत चिकन मांचुरियन केलं, त्यात अद्रक, लसूण, हिरवी मिरची आपली आणि सोया सॉस, कॉर्नफ्लोअर तिकडचं. आपल्या हाताला म्हणूनच ते लवकर बसतं.

अजिनोमोटोचं पुढं कुणीतरी विचारणारच. १९०८ ला जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेटची चव वेगळी काढली, ती ही पावडर. टमाट्यातही ग्लुटामेट असतं. ते विष नाही, पण घरी त्याची गरजही पडत नाही. गाड्यावर पोट बिघडतं ते सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत उघडं पडलेल्या भात-नूडल्समुळं आणि ज्या एका बादलीत रात्रभर ताटल्या बुचकळतात त्या पाण्यामुळं. हे मी जवळून बघितलंय. तुम्ही लेकराला घरी खाऊ घालायचं ठरवलंत, ते सोडू नका.

दवाखाना_ड्यूटी (धाराशिव)

सासूबाईंच्या बीपीचं वाचून लिहिते. नेहमीच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या खाली राहा म्हणते. म्हणजे त्या एका चमच्यातच जवळजवळ निम्मं झालं. त्यांचा घाणा पहिला काढा, सोया सॉस नावाला, वरचं मीठ नाही, आणि शेवटी लिंबू पिळा. आंबटपणा असला की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. बाकीच्यांचं त्याच कढईत नंतर होईल.

परभणीच्या_मावशी

बाई, मी जरा वेगळं सांगते. माझी लेक आणि जावई जकार्ताला होते, तेव्हा मी तिथं अडीच महिने राहून आले. जायच्या आधी धास्ती होती, तिथं आपण खाणार काय. दुसऱ्याच दिवशी लेक मला एका गाडो-गाडोच्या गाडीवर घेऊन गेली. ती बाई पसरट दगडी खलात भाजलेले शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, तिकडचा काळा गूळ आणि चिंच घालून गिऱ्हाईकाच्या समोर वाटत होती. मनगट गोल फिरत होतं. थोडं पाणी, पुन्हा वाटण. मग उकडलेली पत्ताकोबी, शेंगा, बटाटा, मोड आलेली कडधान्यं, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) त्यात टाकून कालवून दिलं. वास आला आणि मला माझ्या आईचा पाटा आठवला.

आपल्या मराठवाड्यात शेंगदाणे, तीळ, चिंच, गूळ, लसूण नाही असं घर दाखवा. लेकरांना चायनीज म्हणून जे पाहिजे असतं त्यातलं निम्मं तुमच्या डब्यांतच आहे.

तर असं करा. एक वाटी भाजलेल्या दाण्यांचा बारीक कूट, लिंबाएवढी चिंच भिजवून तिचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चार पाकळ्या लसूण, दोन भिजवलेल्या लाल मिरच्या, अर्धा चमचा सोया सॉस. कोमट पाणी घालत सैल पिठल्यासारखं करा. कुकरच्या एका डब्यात बटाटे, दुसऱ्यात बीन्स, गाजर आणि मोडाचे मूग, दोन शिट्ट्या. पत्ताकोबी कच्चीच बारीक चिरून. चटणी वरून ओतायची. सासूबाईंना दातांचा त्रास असेल तरी हे चावतं. आमटी-कोरड्यास काही नको, सोबत भाकरी चालते, भात चालतो. अंडी खात असाल तर उकडून अर्धी करून ठेवा.

आणि नूडल्सवर भुरका घालून बघा. चिनी लोक तेल कडक तापवून तिखटावर ओततात आणि ते तेल नूडल्सवर घेतात. आपला भुरका त्याचाच भाऊ. अर्धी वाटी तेलात वीसेक लसूण पाकळ्या ठेचून सोनेरी करायच्या, दोन चमचे तीळ, मूठभर जाडसर कूट, गॅस बंद. मिनिटभर थांबून मगच तिखट आणि मीठ, नाहीतर तिखट जळतं. उकडलेल्या नूडल्सवर दोन चमचे भुरका, चमचाभर सोया सॉस, लिंबू, पातीचा कांदा. नूडल्स शिजायला जो वेळ लागेल तेवढाच स्वयंपाक.

शाळेच्या_बाई (लातूर)

नऊ दिवसांनी लिहायला बसले.

सोमवारी कढईवाले दादांच्या सांगण्याप्रमाणे फ्राइड राइस केला, तीन घाण्यांत. पहिला सासूबाईंचा, मिठाशिवाय, लिंबू पिळून. दुसऱ्या घाण्याला सॉस कडेवर ओतला तेव्हा जो आवाज झाला, त्यानं लेक पुस्तक ठेवून उठून आला. आई, गाड्यासारखा वास यायलाय, म्हणाला. ताटात शीत उरलं नाही. उतरवून ठेवलेली भांडी मोजली: कढई, परात आणि ताटं.

बुधवारी भुरका-नूडल्स. मुलीला तिखट लागलं, तिच्यात दाण्याचा कूट वाढवून गूळ घातला.

शनिवारी दुपारची शाळा नव्हती म्हणून मावशींचं गाडो-गाडो. सासूबाईंना नाव सांगितलं नाही, फक्त दाणे कुटायला दिले. त्या कुटता कुटता म्हणाल्या, चिंच भिजवलीस, गूळ काढलास, पंचामृत करायलीस का? महालक्ष्म्या तर कधीच झाल्या. मी भाज्यांवर ओतून दिलं. त्यांनी बोटानं चटणी चाखली आणि म्हणाल्या, तीळ घाल यात, तीळ राहिले. मग स्वतः उठून तीळ भाजले, खलबत्त्यात दोन ठोके दिले आणि सगळ्यांच्या ताटात आपल्या हातानं घातले. भाकरीसोबत जेवल्या, पुन्हा मागून घेतलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही पाचही जण एकच जेवण जेवलो. हेसुद्धा त्या दिवशी साडेआठलाच आले होते.

मावशी, एक विचारायचं राहिलं. घरी शेतातलं सोयाबीन दोन पोती पडून आहे. त्याचा टोफू घरी होतो का? मिस्तरी-मजुरांच्या घरी पनीर परवडत नाही, शाळेतल्या लेकरांच्या आयांनाही शिकवता येईल असं काही असेल तर सांगा.

परभणीच्या_मावशी

होतो, आणि फार चांगला होतो. आधी एक बघा: पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं चुकूनही घेऊ नका, खाण्याचं वेगळं ठेवलेलंच सोयाबीन घ्या.

पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा. सकाळी चोळून सालं काढा, भरपूर पाणी घालत मिक्सरला अगदी बारीक वाटा, सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास झालं पाहिजे. ते वाटण मोठ्या पातेल्यात घ्या, कारण फेस भसकन वर येतो. सतत ढवळत, उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. हे टाळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ते नीट उकळल्यावरच निकामी होतात आणि उग्र वासही जातो. मग स्वच्छ धोतराच्या फडक्यातून गाळा. हात भाजतो, चिमट्यानं पिळा.

दूध पुन्हा गरम करून गॅस बंद करा. दोन मिनिटांनी तीन-चार चमचे लिंबाचा रस वाटीभर पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, हळूच ढवळा आणि झाकून ठेवा. पिवळसर पाणी वेगळं दिसलं की फडक्यात काढून वर वरवंटा ठेवा. अर्ध्या तासात वडी कापता येते. लिंबाचा थोडा आंबूसपणा राहतो, गार पाण्यात बुडवून ठेवला की कमी होतो.

गाळलेला चोथा टाकू नका. तो शिजलेलाच असतो, धपाट्याच्या पिठात मळून टाका. पीठ घेताना पाणी कमी घाला, चोथ्यातच बरंच असतं.