लिनक्सवर गेम: तुम्ही कोणती डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) ठेवली आणि काऊन?

ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. गावातल्या बऱ्याच जुन्या मशीन ११ च्या अटीत बसत नाहीत. पोट्टे विचारून राहिले, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली तर गेम चालतील का? यूट्यूबवाले गेम सेकंदाला किती फ्रेम देते ते मोजतात. आपल्याकडे आधी दिवसाचा दीड जीबी डेटा मोजावा लागतो, आणि लाइन केव्हा जाईल ते धरावं लागते. या हिशोबानं अनुभव लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना लॅपटॉप, त्यावर मिंट २२ ही डिस्ट्रो. उबंटू २४.०४ या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभी असल्यानं अपडेट शांतपणे, आपण म्हणू तेव्हा होतात. पण नवे गेम सुरूच होईनात. डिस्ट्रोला दोष देत तीन बदलल्या, सगळा डेटा त्यातच गेला. अडचण ग्राफिक्सची होती: विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन हे साधन डायरेक्टएक्सचं (विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीचं) काम व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स पद्धतीकडून करून घेते, आणि या इंटेल चिपचं व्हल्कन अर्धवट आहे. व्हल्कन टाळायला स्टीम या गेमच्या दुकान-ॲपात, गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये PROTON_USE_WINED3D=1 %command% टाकल्यावर जुने गेम चालले. म्हणून आधी चिप पहा, मग डिस्ट्रो.

गोंदिया जिल्हा, धानपट्टा
मी कॅचीओएस डिस्ट्रो ठेवली होती. वेगात तिला तोड नाही, पण आर्च या डिस्ट्रोवर उभी असल्यानं अपडेट सारखे आणि मोठे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसत असताना लाइन गेली. डेस्कटॉप, इन्व्हर्टर नाही. मशीन बूटच होईना. परीक्षेचा अर्ज भरायचा होता, तो दुसऱ्याच्या मोबाइलवर भरला. आता बॅझाइट डिस्ट्रो आहे. तिचा अपडेट बाजूला तयार होतो आणि रीस्टार्टला लागू होतो, जुनी प्रतिमा (आधीची अख्खी सिस्टिम) बूट मेनूत राहते. मधेच लाइन गेली तरी कालचं मशीन चालू होते. डाउनलोड मात्र कितीतरी जीबीचं. ते मी नागपूरला भावाच्या वायफायवर केलं.

चंद्रपूर
व्हॅलोरंट गेमसाठी कोणतीच डिस्ट्रो शोधू नका भाऊ, अँटी-चीटमुळे (गेममधली चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅममुळे) ते लिनक्सवर चालतच नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे गेम थेट लिनक्ससाठीही बनले आहेत, प्रोटॉनही लागत नाही.

दारव्हा, यवतमाळ
डेटा वाचवायचा असंल तं हे करा: एकाच हॉटस्पॉटवर दोन मशीन जोडा. २०२३ पासून स्टीम एका मशीनवरचा गेम दुसऱ्यावर थेट पाठवते. मोठा गेम आम्ही असाच घरोघरी नेला, डाउनलोड एकदाच. आणि गेम विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरून चालवू नका, लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीच्या ड्राइव्हवर ठेवा. माझा आठवडा त्यातच गेला.

मोर्शी (धागाकर्ता)
दारव्हावाल्या दादा, हे मला माहीतच नव्हतं, उद्याच करतो. मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) माझ्या पेनड्राइव्हवर आहे. मोर्शीच्या बाजाराला येतो, जवळच्या कोणाला हवी असंल तं इथं सांगा.