'प्रकाशसंवेदक' म्हटलं की सोलरचा दिवा आठवतो, दुसरा शब्द सुचवा

वायगावच्या हळदपट्ट्यातून लिहितोय. पुतणी एम.एस्सी.ला आहे. हळदीतलं कर्क्युमिन जंतूंवर लावून त्यावर निळा उजेड सोडला की जंतू मरतात, यावर तिनं गावासाठी मराठीत एक पान लिहिलं. वर मथळा 'प्रकाशगतिक उपचार' (इंग्रजीत फोटोडायनॅमिक थेरपी), खाली कर्क्युमिन म्हणजे 'प्रकाशसंवेदक' (फोटोसेन्सिटायझर). माझ्या आईनं चष्मा सरकवून विचारलं, "गती कोनाची वं माय?" धाकटा म्हणाला, "संवेदक म्हंजे अंधार पडला का चालू होते थो? आपल्या चौकातल्या सोलरवर हाये न." पोरगी हिरमुसली.

अकोल्याहून:
आजीचं बरोबर आहे, भाऊ. म्यूनिकमध्ये शिकणाऱ्या ऑस्कर राबनं 1900 साली छापून सांगितलं की अ‍ॅक्रिडीन रंगातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात. पुढे त्याच्या गुरूंनी, टापाइनरांनी, या प्रकाराला 'फोटोडायनॅमिक' असं नाव दिलं. त्यातल्या 'डायनॅमिक'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द 'बळ' या अर्थाचा. आपण त्याची 'गती' करून बसलो.

यवतमाळहून:
'संवेदक' तर उलटंच सांगतो. सेन्सर उजेड ओळखून गप्प बसतो. कर्क्युमिन निळा उजेड शोषतं, साधारण 420 ते 430 नॅनोमीटरचा, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन जंतूला होरपळवतो. आमच्याकडे चूल 'चेतते'. मग 'उजेडानं चेतणारा रंग' म्हणा ना! पारिभाषिकच हवं तर 'प्रकाशचेत्य'. ('प्रकाशचेतक' नको, राणाप्रतापांचा घोडा डोळ्यापुढे येतो.)

वर्ध्याहून:
मग कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात, तेही चेतणंच का?

यवतमाळहून:
तिथं जपून, ताई. बावचीतलं सोरालेन अतिनील किरणांनी जागं होतं हे खरं, पण ते मुख्यतः थेट डीएनएला चिकटतं, त्याला ऑक्सिजनची गरज पडतेच असं नाही. शिवाय अंदाज चुकला की टरारून फोड येतात.

प्रश्न विचारणारा:
'चेतणं' आईला लगेच पटलं. लग्नातल्या हळदीनं पिवळं झालेलं धोतर तिनं कायम भर उन्हातच वाळत घातलंय, कारण डाग तिथंच विटतो. पुतणी म्हणाली, आजी, तेच, कर्क्युमिन उजेडात स्वतःही तुटतं, म्हणून प्रयोगात बाटलीला फॉइल गुंडाळावी लागते. मथळा आता 'उजेडानं चेतणारी हळद' असा केलाय. खाली मात्र आईनं एक ओळ घालायला लावली: "विळा लागला तर हळद दाबून उन्हात बसू नये, दवाखान्यात जावं."