किंत्सुगी एका तासात? मला नाही पटत

मातकट:
परवा मैत्रिणीकडे एक फुटलेला कप पाहिला, जोडलेला, भेगांवर सोनेरी रेघा. ऑनलाइन किट मागवलं म्हणे, इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पावडर, तासाभरात काम तमाम. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून तिथे गप्प बसले, पण इथे बोलते. किंत्सुगी म्हणजे फुटलेली भांडी जोडायची जपानी कला, आणि तिच्यात सोनं सगळ्यात शेवटी येतं हो. आधी उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक, तो गव्हाच्या पिठात मळून तुकडे जोडायचे आणि दमट पेटीत ठेवून द्यायचे, कारण हा चीक उन्हात वाळत नाही, ओलसर हवेतच घट्ट होतो. मग घासायचं, परत लेप, परत थांबायचं, असे कित्येक आठवडे. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, आणि बिब्बा उततो तसाच हा चीकही अंगावर उततो. पाश्चात्य बाजारानं यातलं नेमकं सोनं तेवढं उचललं. वाबीचंही तेच, म्हणजे साधेपणात, अपुरेपणात सौंदर्य बघायची जपानी दृष्टी. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या गुरूची चहाची खोली दोन चटयांची होती, दार इतकं बुटकं की सामुराईलासुद्धा तलवार बाहेर ठेवून, वाकून, सरपटत आत यावं लागायचं. तो शब्द आज बेज रंगाच्या भिंतींसाठी वापरतात, याचं खरंच वाईट वाटतं.

निळी_शाई:
नाही पटलं. शुद्ध जपानी असं काही वेगळं काढून दाखवता येतं का? जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट घे, लाकडी ठशानं छापलेलं चित्र, १८३१ च्या आसपासचं. त्यातला निळा म्हणजे प्रशियन ब्लू, मूळचा बर्लिनचा, आणि लाटेच्या पोटातून एवढासा फुजी पर्वत लांबवर दिसतो ना, ते लांब-जवळचं गणित डच चित्रांवरून तिकडे पोचलेलं. म्हणजे पुढे पॅरिस ज्या जपानी चित्रांवर भाळलं त्यांत युरोप आधीच मुरलेला होता. १८८७ मध्ये व्हॅन गॉगनं हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या ठशाच्या चित्रातला पावसातला पूल रंगवला, चौकटीत दुसऱ्या चित्रांतली जपानी अक्षरं उतरवली, त्याला ती वाचताही येत नव्हती. गैरसमज म्हण हवं तर, पण त्यातून त्याची चित्रकला बदलली. आणि ओकाकुरा काकुझो या जपानी लेखकानं चहावरचं पुस्तक थेट इंग्रजीत लिहिलं, १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये छापलं. जपानी माणूसच सांगायला पुढे आला होता, मग 'उचललं' कसं?

मातकट:
ओकाकुरांचं मान्य. पण व्हॅन गॉग माझ्या बाजूचा आहे. त्यानं आणि भावानं मिळून अशी शेकडो जपानी ठशाची चित्रं जमवली, तो ती भिंतीवर लावून बघायचा, आणि अक्षरं कळली नाहीत तरी पावसाची रेघ न रेघ त्यानं हातानं ओढली. लाकडात कोरलेली ती केसाएवढी रेघ ब्रशनं किती जड होते हे ओढल्याशिवाय कळणारच नाही. उसनं घ्यायला माझी ना नाहीच, मेहनतीला फाटा देण्याला आहे.

पारंबी:
मधे बोलते. १९२० ला इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर जपानी कुंभार हामादा शोजी इंग्लंडला सेंट आइव्हजला गेले, तिथे दोघांनी उतारावर चढत जाणारी जपानी भट्टी बांधली. हामादा परत आले ते इंग्रजी खेड्यांतली जुनी भांडी डोळ्यात भरून, आणि मग जपानमधल्या माशिको गावात राहून चाकावर बसले. त्यांचं काम बघताना हे जपानी की इंग्रजी असा प्रश्नच पडत नाही. मातकट म्हणते ती मेहनत इथे दोन्हीकडून झालीय.

निळी_शाई:
ते दोघं आयुष्यभराचे कुंभार होते गं. ज्याला दिवसाकाठी तासच मिळतो त्यानं काय करायचं? आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या हातून फुटली, मी ती किटनंच जोडली. आता त्यात लोणचं भरता येत नाही, तो गोंद पोटात जायला नको म्हणून. पण तुकडे टाकवले नाहीत, आणि कुठला कुठे बसतो ते लावताना बुडाशी तिच्या बोटाएवढा जुना टवका सापडला, इतकी वर्षं कधी दिसलाच नव्हता. तो तसाच ठेवलाय, त्यावर सोनेरी काही लावलं नाही.

मातकट:
त्या टवक्याचा फोटो टाक ना.