ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ: कॅमेऱ्यातच घेऊ की एडिटला रंग काढू?

मंडळी, मदत हवी आहे. छोटी फिल्म पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट करायचीय. कॅमेरा ८ बिट ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवणारा फॉरमॅट) रेकॉर्ड करतो, मोनोक्रोम प्रोफाइल (कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट करणारी सेटिंग) पण आहे. डायरेक्टर म्हणतोय सरळ मोनोक्रोमवर टाक, नंतरची कटकटच नको.

पण टेस्ट घेतली तर लाल शर्टवाली मुलगी हिरव्या झाडीसमोर, नुसत्या डोळ्यांना ठसठशीत दिसत होती आणि मोनोक्रोममध्ये शर्ट नि पानं जवळपास एकाच राखाडीत, मुलगी गायब. कलरमधल्या शॉटचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्य केलं तरी तीच गत. मग चॅनल मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण वेगवेगळं बदलायचं टूल) लाल वाढवून हिरवा उतरवला, शर्ट उजळला, पानं काळपट, चेहरा पण छान आला. खूश होऊन आकाशाला हात घातला, निळा पार खाली खेचला, तर आकाशात पट्टे आणि छपराच्या कडेला चौकोनी ठोकळे!

८ बिटमध्ये हे कितपत ताणायचं? आणि कलरमध्ये घेतलं तर सेटवर लायटिंग कसं जोखायचं, रंगाने डोळा फसतो ना.

उत्तर १

कलरमध्येच घे. मोनोक्रोम प्रोफाइलच्या फाइलमध्ये रंग उरतच नाही, मग मिक्सर फिरवणार कशावर? ४:२:० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची चार पिक्सेलमागे एकच, चॅनल जास्त ओढला की तेच ठोकळे वर येतात. पट्टे ८ बिटमुळे, चॅनलला २५६ पायऱ्या, १० बिटला १०२४. कॅमेऱ्यातून एचडीएमआयने १० बिट ४:२:२ बाहेर पडत असेल तर बाहेरचा रेकॉर्डर लाव. सेटवर मॉनिटरचं सॅच्युरेशन शून्य कर, रेकॉर्डिंग कलरच. आणि शर्ट बदला की राव, फिकट घातला तर मिक्सर लागणार पण नाही.

उत्तर २

बाकी पटलं, पण आकाशाचे शॉट मी मोनोक्रोममध्येच घेईन, लेन्सवर पिवळा नाहीतर नारिंगी फिल्टर लावून. आकाश रेकॉर्ड व्हायच्या आधीच गडद होतं, फाइल ओढायला लागत नाही. गडद लाल नको, साध्या कलर सेन्सरवर चारातला एकच फोटोसाइट (सेन्सरवरचा उजेड टिपणारा ठिपका) धड कामाला येतो, वर तीनेक स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नकोस, फिल्टरचा असर खाऊन टाकतो.

धागाकर्ता

शर्ट बदलतोय, मॉनिटरचं पण जमेल. एकच राहिलं, फिल्टरवाले शॉट आणि मिक्सरवाले शॉट शेजारी आले तर चेहऱ्याचा टोन जुळवता येतो का कुणी केलंय?