ले-आउटच्या ग्रुपवर प्रमोदभाऊंची गझल

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या ले-आउटचा, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीचा, ग्रुप. रविवार, सकाळ.)

प्रमोदभाऊ: सर्वांना नमस्कार. गझल लिहाचा प्रयत्न केला. नुसतं वाह वाह नको, चुका सांगा.

तुझ्या पावसाचाच आधार आहे
उन्हाचा इथे रोज बाजार आहे

पहाटेच गेल्या वेचायला बाया
किती दूर त्यांचे शिवार आहे

नवा भाव ऐकून हसतात सारे
जिथे मंडई फार ही दूर आहे

कधीचीच गेली घरातून जोडी
गळ्याचाच दाव्यास आकार आहे

कवी मी न मोठा, मनाचे लिहीले
मनाचा तुम्हाला नमस्कार आहे

बबनकाका: 🌹🌹 छान

निखिल: एकच नंबर भाऊ 🔥

सुमनकाकू: जोडीचा शेर लय लागला बापा.

मंदाताई: प्रमोदभाऊ, चुका सांगा म्हणालात म्हणून सांगते. तुमचा मतला, म्हणजे पहिला शेर, भुजंगप्रयातात आहे. लगागा चार वेळा, ओळीत 12 अक्षरं, 20 मात्रा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळं चाल सगळ्यांच्या तोंडात आहे. त्या चालीवर तुमची गझल म्हणून पाहा. मतला सरळ जाते. दुसऱ्या शेरावर जीभ अडते.

निखिल: लगागा म्हणजे काय ताई?

मंदाताई: ल म्हणजे लघू, 1 मात्रा. गा म्हणजे गुरू, 2 मात्रा. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलं, किंवा डोक्यावर उच्चारलेला अनुस्वार असला की गुरू. आता मोज:
उ-न्हा-चा / इ-थे-रो / ज-बा-जा / र-आ-हे
1-2-2 चार वेळा. बसलं.

निखिल: पण न्हा जोडाक्षर आहे ना? शाळेत तर शिकवलं होतं की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होते. मंग उ गुरू नाही का?

दादाराव सर: चांगलं विचारलं. जोडाक्षर दिसलं म्हणून गुरू होत नाही, आघात पडला तर होते. "फक्त" म्हणून पाहा, फ वर जोर येते, म्हणून फ च्या 2 मात्रा. "उन्हा", "तुझ्या", "तुम्हाला" म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येत नाही, म्हणून 1. न्ह, म्ह, झ्य, ऱ्य अशा ठिकाणी मराठीत बहुधा आघात नसते. पुस्तकातला नियम आंधळेपणानं लावला तर प्रमोदभाऊंचा मतलाच चुकीचा ठरेल, अन् तो बरोबर आहे.

मंदाताई: हो. आता अडलेली ओळ.
प-हा-टे / च-गे-ल्या / वे-चा-य / ला-बा-या
अक्षरं 12 भरतात, पण तिसऱ्या गणात लघूच्या जागी "वे" येऊन बसला. मात्रा 21 झाल्या. अन् खालची ओळ:
कि-ती-दू / र-त्यां-चे / शि-वा-र-आ-हे
11 अक्षरं, 18 मात्रा. इथं एक गुरू कमी आहे. "आहे" च्या आधी तुम्हाला गा-गा-ल असा शब्द पाहिजे. आधार, बाजार, अंधार. "शिवार" ल-गा-ल आहे, तो या जागी कधीच बसणार नाही, कितीही फिरवला तरी.

प्रमोदभाऊ: मी तर बोटावर अक्षरं मोजली होती 🙏

दादाराव सर: बोटावर अक्षरं मोजून अभंग होते. मोठा अभंग 6-6-6-4, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तिथं लघू-गुरू पाहात नाहीत. गझलेत अक्षर मोजून भागत नाही, वजन मोजा लागते.

ॲडमिन: सूचना: उद्या टाकी धुणार आहे. नळ सकाळी 10 ते दुपारी 1 बंद. पाणी भरून ठेवा.

बबनकाका: 👍

मंदाताई: पहिली ओळ सोपी आहे. एक-दोन शब्द अन् जागा बदला:
निघाल्या पहाटेच वेचायला त्या
नि-घा-ल्या / प-हा-टे / च-वे-चा / य-ला-त्या. 20 मात्रा.

गजूभाऊ: मात्रा बसल्या पण कापूस भिजला ताई. पहाटे कोनी कापूस वेचते का? दव सुकल्याबिगर वेचत नाही. दवातला कापूस ओला राह्यते, गंजी लावली का आतून तापते अन् पिवया पडते. सीसीआयवाले (सरकारी कापूस खरेदीवाले) 8 टक्क्याच्या वर ओलावा निंगाला का भाव कापते, 12 च्या वर तर घेतच नाही. प्रमोदभाऊ, तुमच्या दुसऱ्या शेरातल्या बायाइनं पहाटे वेचला तर तिसऱ्या शेरात भाव भेटनारच नाही.

सुमनकाकू: 😂😂

सुमनकाकू: आमच्या माहेरी, गडचिरोलीतल्या वडशाकडं, पहाटे वेचाले जातेत ते मोहफुलं. रातभर गळते मोह, उजाडाच्या आत टोपली घेऊन झाडाखाली. ऊन चढलं का ढोरं खातेत. मोह लिहा.

मंदाताई: "पहाटेच मोहास वेचायला त्या" बसते बरं काकू. पण मोह मार्च-एप्रिलचा, अन् मतल्यात पावसाची वाट. एका गझलेत दोन ऋतू चालतात, शेर सुटा असते. तरी मंडईतला भाव, बैलजोडी हे सगळं कापसाच्या पट्ट्यातलं आहे. मधेच तुमची झाडीपट्टी, म्हणजे जंगलाचा पट्टा, आली तर वाचणारा बिचकते.

गजूभाऊ: निंदन करा. निंदाले दवाचं काही नाही. ऊन तापाच्या आंदी दोन तास निंदून होते.

मंदाताई: "निघाल्या पहाटेच निंदायला त्या". वजन तेच. हे घ्या.

प्रमोदभाऊ: घेतलं. अन् शिवारच्या जागी?

दादाराव सर: आधी काफिये काढा, मग ओळ लिहा. सुरेश भट अमरावतीचेच, त्यांनी नवख्यांसाठी "गझलेची बाराखडी" लिहून ठेवली, ती एकदा वाचाच. थोडक्यात असं: तुमच्या मतल्यात दोन्ही ओळींच्या शेवटी "आहे" आहे, तो रदीफ, तो बदलत नाही. त्याच्या आधी आधार-बाजार, हा काफिया, तो प्रत्येक शेरात नवा. अन् त्या काफियात र च्या आधीचा "आ" हा स्वर, ती अलामत. ती शेवटपर्यंत पाळा लागते. मतल्यानं जे कबूल केलं ते बाकीच्या शेरांनी मोडाचं नाही. म्हणून तिसरा शेर चुकला. "ही दूर आहे" वजनात बसते, पण दूर मध्ये "ऊ" आहे. आर च्या रांगेत ऊर आला. वृत्त शुद्ध अन् गझल अशुद्ध, असं होते कधी कधी. नवख्यांची बहुतेक चूक इथंच होते, कारण मात्रा मोजून झाल्या का त्याले वाटते काम झालं.

निखिल: मी करू का यादी? आधार, बाजार, अंधार, लाचार, कोठार, आजार, शेजार, माघार, संसार, आकार, फार

दादाराव सर: "फार" चालते, पण त्याच्या आधी एक गुरू ठेवा लागेल. "जरा फार आहे" असं. वहीच्या मागच्या पानावर ही यादी लिहून ठेवा प्रमोदभाऊ. अन् "लाचार" टाळा. कास्तकारावर लिहिलं का लाचार, बेजार अन् आधार आपोआप येतेत.

मंदाताई: अंधार घ्या दुसऱ्या शेराला. पहाट आहेच, अन् धुरा म्हणजे शेताचा बांध.
निघाल्या पहाटेच निंदायला त्या
धुऱ्याच्या पुढे फक्त अंधार आहे

सुमनकाकू: आहा.

गजूभाऊ: हे जमलं. आता मंडई काढा. आपल्याइकडं कापूस मंडईत नाही जात, जिनिंगवर जाते, सरकी काढाच्या कारखान्यात.

सुमनकाकू: अन् आमच्याकडं मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दंडार, नाटक, पाहुणे. तिथं कापूस कोण नेते 😄

निखिल: "जिनिंगात कडता जरा फार आहे" बसते का?

मंदाताई: जि-निं-गा / त-कड-ता / ज-रा-फा / र-आ-हे. क अन् ड दोन लघू मिळून एक गुरू धरला तर बसते. काटेकोर अक्षरगणवृत्तात हे चालत नाही, कारण 12 ची 13 अक्षरं होतात. गझलेत ही सूट घेतात. मात्र कुठंही घेऊन चालत नाही. बोलताना आपण "कड्ता" म्हणतो, ड चा अ गिळतो, म्हणून कानाले एकच ठोका ऐकू येते. वरच्या ओळीतलं "हसतात" पण तसंच, हस्-तात. दोन्ही ओळींत एकाच जातीची सूट आहे, म्हणून खटकत नाही.

दादाराव सर: माझं मत थोडं वेगळं. पहिल्या दोन-चार गझला सूट न घेता लिहाव्या. पण कडता हा शब्द इतका नेमका आहे की इथं मीच गप्प बसतो.

गजूभाऊ: बरोबर शब्द हाये. क्विंटलमागं वजन कापते त्याले कडताच म्हंतेत. अन् वरती भाव ऐकून हासतेत, ते काहून हासतेत ते आता समजते.

प्रमोदभाऊ: चौथ्या शेराबद्दल कोणी काही बोललं नाही.

दादाराव सर: त्याले हात लावू नका. "जोडी" म्हणून थांबले, बैल म्हणाची गरज पडली नाही. दुसऱ्या ओळीत रडणं नाही, नुसतं दावं आहे. वर्षानुवर्षं गळ्यात राहून दोराले वाक येते, खुंटीवर टांगला तरी तो गोलच राह्यते. हे ज्यानं गोठा पाह्यला त्यालेच सुचते. बाकी शेर या शेराच्या उंचीले आणाचे आहेत, एवढंच काम.

मंदाताई: अन् शेवटचा काढा.

प्रमोदभाऊ: नमस्काराचा? तो तर मात्रेत बसते ताई, मी आता मोजला.

मंदाताई: बसते, कारण तुम्ही "लिहीले" मध्ये ही दीर्घ केली. शब्द "लिहिले" आहे, 1-1-2. वृत्तासाठी वेलांटी ओढली की वाचणाऱ्याले ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसते, सूट दिसत नाही. अन् त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शेरात काहीच नाही. मी मोठा कवी नाही, तुम्हाला नमस्कार, हे कार्यक्रमात माईक हातात घेऊन म्हणाचं असते.

बबनकाका: नमस्कार राहू द्या ना, संस्कार आहे आपला.

दादाराव सर: काका, नमस्कार त्यांनी पोस्टच्या सुरुवातीलेच केला आहे 🙂 पण तो काढला तर चारच शेर उरतात. गझलेत निदान पाच लागतात. प्रमोदभाऊ, एक नवीन लिहा. यादीतला शेजार किंवा माघार घ्या. खालची ओळ आधी लिहा, काफिया-रदीफ तिथंच राह्यते. वरची ओळ मग जुळवा. उलटं केलं का काफिया ओढूनताणून आणा लागते.

(दुपारी)

प्रमोदभाऊ: कपाशीस लाल्या, कुणी ना विचारी
तुरीचा तिला फक्त शेजार आहे

निखिल: 🔥🔥🔥

मंदाताई: क-पा-शी / स-ला-ल्या / कु-णी-ना / वि-चा-री. तु-री-चा / ति-ला-फक् / त-शे-जा / र-आ-हे. दोन्ही शुद्ध. "कुणी ना विचारी" जुन्या वळणाचं आहे, बाकी गझल बोलीतली आहे, पण चालून जाईल.

गजूभाऊ: खरं हाये हे. लाल्या पडते तवा राती गार झालेल्या असतेत, मॅग्नेशियम कमी पडलं का पान लाल होते. तूर तवा फुलावर येते, हिरवीगार. आठ तास (ओळी) कपाशी अन् मधात एक तास तुरीचा, तो तेवढा उभा दिसते.

दादाराव सर: वा. हा शेर चौथ्याच्या शेजारी बसाच्या लायकीचा आहे. एकच, "फक्त" दुसऱ्या शेरात आहे, "फक्त अंधार". पाच शेरांत दोनदा नको. इथं "एक" करा. तु-री-चा / ति-ला-ए / क-शे-जा. वजन तेच, अन् गजूभाऊ म्हणतेत तसा आठामागं एकच तास असते, अर्थही नेमका होते.

प्रमोदभाऊ: पूर्ण टाकतो.

तुझ्या पावसाचाच आधार आहे
उन्हाचा इथे रोज बाजार आहे

निघाल्या पहाटेच निंदायला त्या
धुर्याच्या पुढे फक्त अंधार आहे

नवा भाव ऐकून हसतात सारे
जिनिंगात कडता जरा फार आहे

कपाशीस लाल्या, कुणी ना विचारी
तुरीचा तिला एक शेजार आहे

कधीचीच गेली घरातून जोडी
गळ्याचाच दाव्यास आकार आहे

दादाराव सर: जोडीचा शेर शेवटी नेला, चांगलं केलं.

मंदाताई: "धुर्याच्या" मध्ये रफार आला. तसा वाचला तर धुर्-या होते, धु वर आघात पडते अन् ओळीची सुरुवातच गुरूनं होते. दर्या अन् दऱ्या मध्ये जो फरक आहे तोच. काही कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ येते, मग हलंत, मग य.

प्रमोदभाऊ: धुऱ्याच्या. आला.

ॲडमिन: टाकीची वेळ बदलली आहे. 10 ऐवजी 11 ला सुरू. कृपया नोंद घ्यावी.

बबनकाका: 🌹 छान