हुमणीला आरएनएचा फवारा लागू पडेल का?

वाळव्याचा ऊसकरी:
राम राम मंडळी. यंदा खोडव्याची हुमणीनं वाट लावली. ऊस पिवळा पडतोय, हातानं ओढला तरी उपटून येतोय. बेट उकरलं तर खाली चार-पाच पांढऱ्या अळ्या मुटकुळं करून बसलेल्या. भाचा म्हणतो, आरएनएचं औषध आलंय, किडीचं जनुकच गप्प करतं. खरंय, की दुकानदाराचं नवीन सोंग?

कराडची किडेवाली:
दादा, भाचा खोटं बोलत नाही, निम्मंच सांगतोय.

जनुकाला धक्का लागत नाही. त्यावरून निघणारी चिठ्ठी, म्हणजे एमआरएनए, तेवढी फाडली जाते. पेशीत दुपदरी आरएनए शिरला की तिला वाटतं विषाणू आला. मग डायसर नावाचं पेशीतलं प्रथिन त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे पाडतं. आर्गोनॉट हे दुसरं प्रथिन त्यातला एक पदर धरून ठेवतं आणि जुळणारी चिठ्ठी सापडली की कापतं. हत्यार किड्याचंच, आपण फक्त पत्ता देतो.

एमएस्सीला मी पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर हे केलंय. अंगाचं कवच कडक आणि तांबडं करणारं लॅकेज-२ हे जनुक निवडलं. काचेची सुई इतकी बारीक की पहिल्या आठवड्यात अळ्यांपेक्षा सुयाच जास्त मेल्या! पण ज्यांना नीट टोचलं गेलं, ते कोषातून निघाले पांढरेफटक, शितासारखे मऊ. रंग चढलाच नाही. मेले.

हुमणीही भुंगेराच, म्हणून आशा आहे. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाचा असा फवारा अमेरिकेत २०२३ अखेर मंजूरही झाला. पण तो किडा पान खातो, फवारलेलं थेट पोटात जातं. तुमची हुमणी जमिनीत, आणि मातीतले जिवाणू हा आरएनए दोन-तीन दिवसांत फस्त करतात. शिवाय किड्यांच्या अंगात त्याच्या नव्या प्रती निघत नाहीत, डोस सरला की जनुक पुन्हा बोलायला लागतं. आत्ता कुणी हुमणीसाठी बाटली विकत असेल तर पैसे देऊ नका.

तासगावचा मकेवाला:
ताई, मक्यावरच्या लष्करी अळीला?

कराडची किडेवाली:
पतंगांच्या अळ्या भारी चिवट. आतड्यातच आरएनएचा चुरा होतो, उरलेला पेशीत शिरला तरी पिशवीत अडकून पडतो.

वाळव्याचा ऊसकरी:
मग मी काय करू?

कराडची किडेवाली:
वळवाचा पाऊस झाला की अंधार पडता पडता कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. फांद्या हलवा, पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाका. अख्ख्या शिवारानं मिळून करा. लागणीला शेणखतातून मेटारायझियम, म्हणजे किडीला रोग लावणारी बुरशी, द्या.

वाळव्याचा ऊसकरी:
बाभळ चुलत्याच्या बांधावर आहे. चार वर्षं बोलणं नाही. बघतो, भाच्यालाच पाठवतो.